चौथ्या टप्प्याची तयारी

मित्रांनो, मी एक जुना जोडा आहे असे म्हणायची सोय मला राहिलेली नाही. कारण जोडा म्हटले की दोन आले. मी नुसता उजवा बूट आहे. माझा डावा भाऊ अजून चालतो, मी चालत नाही. असे का झाले ते तुम्हाला सांगतो. गोष्ट आनंदाची नाही. पण ऐकून ठेवाल तर तुमच्या घरात कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

बाजाराच्या टोकाला एक अरुंद दुकान होते. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला बाहेर जावे लागे, इतके अरुंद. तिथे एका कारागिराने मला बनवले. जाड तपकिरी चामडे, मेण लावलेला दोरा, रबराचा दणकट तळ. घोट्याच्या वरपर्यंत येणारा डोंगरी बूट. माझ्या मालकांचा पाय त्याने वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतला होता. प्रत्येक बूट पुरा झाला की कारागीर त्याच्याशी एक विनोद करी. नाडीखालची चामड्याची पट्टी सरळ करत तो म्हणे, "जीभ दिली आहे तुला, पण बोलायचं नाही हं." तेव्हा मला ते गमतीचे वाटले होते.

माझे मालक निवृत्त बसड्रायव्हर. एकतीस वर्षे त्यांनी एकाच मार्गावर बस चालवली. कधी कोणाला मागे टाकले नाही, वळणावर कधी घाई केली नाही. म्हणून आगारातले सगळे त्यांना 'सावकाश' म्हणत. नंतर शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. निवृत्त झाल्यावर वर्षभरात डॉक्टरांना त्यांच्या रक्तात साखर सापडली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या मी देतो, चालायचं तुम्ही." सावकाशांनी आयुष्यभर लाखो मैल प्रवास केला होता, पण सगळा बसून.

आधी ते गल्लीच्या टोकापर्यंत जात. मग बाजारापर्यंत. मग त्यांच्या लेकीने शाळेतून एक नकाशा आणला. लेक भूगोल शिकवायची. डोंगररांगेच्या माथ्यावरून जाणारी एक फार लांब पायवाट त्या नकाशावर होती. तिचे अकरा टप्पे होते. एकेक टप्पा आठदहा दिवसांचा. लेक म्हणाली, "बाबा, दर सुट्टीत एक टप्पा करू. अकरा वर्षांत संपेल."

"अकरा वर्षं?" लेकीच्या आईने स्वयंपाकघरातून विचारले. "आणि संपल्यावर?"

"संपल्यावर परत फिरू," सावकाश म्हणाले.

त्या वाटेसाठी आम्हा दोघा भावांचा जन्म झाला होता. पहिले तीन टप्पे आम्ही नीट पार पाडले. ओढे ओलांडले, दगडांवर घासलो, वाटेतल्या निवाऱ्यांच्या दारात इतर बुटांच्या रांगेत वाळत पडलो. एका निवाऱ्याच्या रखवालदाराने मला उचलून, शिवण पाहून म्हटले होते, "असं काम आता कोणी करत नाही." मी आठवडाभर त्या शब्दांवर चाललो.

तिसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या दिवशी सावकाश एका दगडावर बसले आणि आम्हाला थोपटत लेकीला म्हणाले, "काय बूट आहेत गं हे. हल्ली तर कापसावर चालल्यासारखं वाटतं."

लेक हसली. मीही फुशारलो. मित्रांनो, ती माझी स्तुती नव्हती. तो आजार बोलत होता. साखरेने त्यांच्या तळव्यांतली संवेदना हळूहळू खाऊन टाकली होती, म्हणून त्यांना दगड कापसासारखे लागत होते. पण हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच कळले नाही.

चौथा टप्पा सगळ्यांत अवघड होता. नऊ दिवसांची वाट, मध्ये एक उंच खिंड, आणि पाच दिवस एकही गाव नाही. लेकीने सुट्टीच्या चार महिने आधीच एक यादी केली आणि कपाटाच्या दारावर चिकटवली. तेव्हापासून घराला दुसरा विषय राहिला नाही. स्वयंपाकघरातल्या तराजूवर प्रत्येक वस्तू चढू लागली. मेणबत्ती, दोरी, चमचा, औषधांची डबी. वजन कमी करायचे म्हणून सावकाशांनी दात घासायच्या ब्रशाची मूठ करवतीने अर्धी कापली.

"दात तरी नेणार आहात का, की तेही इथेच ठेवता?" आईने विचारले. तिला दमा होता, त्यामुळे ती कधी आमच्याबरोबर आली नाही. पण तिच्याशिवाय पिशवीतली एक गोष्टही जागेवर जात नसे.

घर तिसऱ्या मजल्यावर होते. बावन्न पायऱ्या. सावकाश पाठीवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांची सॅक घेत आणि आम्हाला घालून रोज सकाळी पायऱ्या चढत-उतरत. आधी पाच फेऱ्या, मग दहा, मग वीस. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी दार उघडून म्हणत, "सावकाश, आमच्या दारावरून आज नवव्यांदा गेलात. एकदा तरी आत या." ते हात हलवत आणि पुढे जात. फेऱ्यांची नोंद ते एका जुन्या वहीत करत. पूर्वी तिच्यात ते बसच्या वेळा लिहीत असत.

या तयारीत माझी टाच झिजली. निघायला सात आठवडे राहिले असताना ते आम्हाला घेऊन त्याच अरुंद दुकानात गेले. कारागीर आता बराच थकला होता. त्याने मला ओळखले. जुनी टाच काढली, नवी बसवली, सहा खिळे ठोकले. आत बोटे फिरवून पाहिले, सगळे गुळगुळीत होते. मग आम्हाला कागदात गुंडाळताना तो म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, चार दिवस चाला आणि हे बूट एकदा परत आणून दाखवा. नवी टाच दबते तेव्हा एखादा खिळा वर सरकतो कधीकधी. दोन मिनिटांचं काम आहे, पण दाखवा."

"दाखवतो, दादा," सावकाश म्हणाले.

दुकान घरापासून पंधरा मिनिटांवर होते.

चार दिवस झाले. पण त्या दिवशी पार्सल पाठवायचे होते. वाटेच्या मध्यावर एक निवारा होता आणि शेवटच्या चार दिवसांचा शिधा तिथे पोस्टाने आधीच पोहोचवावा लागे. पुढे तो खेचरांवरून वर जाई, म्हणून सहा आठवडे आधी टाकायचा. सुका मेवा, सुपाची पाकिटे, बिस्किटे, दोन जादा मोजे. आईने खोके कापडात शिवून दिले. दुसऱ्या दिवशी तंबूच्या काठ्या बघायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी पाऊस. असे करता करता दोन आठवडे गेले.

लेकीने यादी वाचता वाचता विचारले, "बाबा, बूट दाखवून आणलेत?"

"आणतो."

आठवड्याने तिने पुन्हा विचारले. सावकाश नकाशात डोके घालून बसले होते. "हो हो," ते म्हणाले. तिने यादीतल्या त्या ओळीवर काट मारली.

ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. उद्या जायचेच आहे तर आज 'हो' म्हणायला काय हरकत आहे, इतकाच त्यांचा विचार असावा. पण उद्या विसाऐवजी पंचवीस फेऱ्या करायच्या होत्या.

त्या पंचवीस फेऱ्यांतल्या कितव्यात ते झाले, ते मला सांगता येत नाही. टाच दबली आणि मधल्या ओळीतला एक खिळा माझ्या अंगातून वर सरकला. आतले चामडे त्याने भेदले. तांदळाच्या दाण्याएवढे टोक वर आले. दुसरा कोणी असता तर पहिल्याच पायरीला ओरडून खाली बसला असता. सावकाश पुढची पायरी चढले. मग त्याच्या पुढची. प्रत्येक पायरीला मी त्यांना चावत होतो आणि ते आकडे मोजत होते. अठरा, एकोणीस, वीस. माझ्या आत ओले झाले. मला जीभ होती, पण कारागीर म्हणाला होता तसेच होते. मला बोलता येत नव्हते.

घरी येऊन त्यांनी मोजा काढला तेव्हा टाचेपाशी लाल डाग दिसला. पाय उलटा करून तळवा पाहण्याइतके त्यांचे गुडघे वाकत नसत. दुखत तर काहीच नव्हते. घासले असेल, असे म्हणून त्यांनी चाचपडत एक पट्टी चिकटवली. माझ्यात डोकावून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मला घातले.

त्यानंतर ते स्वतःचे मोजे स्वतः धुऊ लागले. आईच्या ते लगेच लक्षात आले.

"आजवर रुमाल धुतला नाहीत, आणि आता मोजे धुताय?"

"सवय लावून घेतोय. वाटेत कोण धुणार आहे?"

आई हसली. दुसऱ्या मजल्यावर जाऊन तिने शेजारणीलाही ही गंमत सांगितली. त्या हसण्याबद्दल ती पुढे कितीतरी वेळा स्वतःला बोल लावत असे. पण त्या दिवशी ती खरोखर गंमतच होती.

डाग रोज दिसत होता हे सावकाशांना ठाऊक होते. मग ते गप्प का राहिले? मी याचा फार विचार केला आहे. लेकीने सुट्टी मोकळी ठेवली होती, पार्सल पुढे गेले होते, आईने नऊ दिवसांच्या गोळ्यांच्या नऊ पुड्या बांधून ठेवल्या होत्या. डागाची गोष्ट सांगितली तर डॉक्टर येणार, डॉक्टर आले तर थांबा म्हणणार. आपल्यामुळे टप्पा चुकायला नको, असे त्यांना वाटत असावे. बस वेळेवर सोडायची, एवढे एकच व्रत त्यांनी जन्मभर पाळले होते.

असे अकरा दिवस गेले. माझ्या आत आता वास येऊ लागला होता. ते मला दारामागे ठेवत आणि आत बडीशेपेची पुरचुंडी टाकत. त्यांना बारीक ताप असे. जेवण कमी झाले होते. आईने विचारले तर म्हणत, "वजन कमी करतोय. खिंड चढायची आहे."

निघायला आठ दिवस राहिले होते. त्या सकाळी लेकीला सगळे सामान अंगावर चढवून एकदा शेवटचे वजन बघायचे होते. भरलेली सॅक बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. सावकाश खुर्चीत बसले आणि त्यांनी मला हातात घेतले. पाय आत जाईना. त्यांनी नाडी पुरी सैल केली, तरी जाईना.

"थांबा, मी बघते," म्हणून लेक खाली बसली. तिने पाय धरला आणि तिचा हात तिथेच थांबला. पाय गरम होता. घोटा दिसत नव्हता इतकी सूज होती. तिने मोजा काढला. पट्टी मोज्याबरोबरच निघून आली.

 आई दारात येऊन उभी राहिली होती. तिने पदर तोंडाला लावला.

"बाबा, हे कधीपासून आहे?"

"काही नाही गं. जरा घासलंय. अजिबात दुखत नाही."

"दुखत नाही?"

"अजिबात नाही," ते पुन्हा म्हणाले. तिला धीर द्यावा म्हणून चांगली बातमी सांगावी तसे म्हणाले.

 दुखत नाही याचा अर्थ लेकीला कळला होता. ती उठली, टॅक्सीला फोन केला, आणि परत येऊन तो पाय आपल्या मांडीवर घेऊन बसली. टॅक्सी येईपर्यंत सावकाश तिला खिंडीबद्दल सांगत होते. सकाळी लवकर निघालो तर दुपारच्या वाऱ्याआधी पार होऊ, असे. ती मान हलवत होती. खाली उतरताना शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून नेले. बावन्न पायऱ्या. त्या दिवशी कोणी विनोद केला नाही.

मी बैठकीच्या खोलीत जमिनीवर आडवा पडून राहिलो. दवाखान्यातले मला काही दिसले नाही. घरी येऊन माणसे जे बोलत त्यातून कळत गेले. आधी जखम साफ केली. मग कळले की हाडापर्यंत गेले आहे. मग पुन्हा ऑपरेशन. आई रोज डबा घेऊन जाई आणि आल्यावर दारातच बसून राही. दम लागला म्हणून, असे म्हणे. आम्ही ज्या दिवशी निघणार होतो त्या दिवशी डॉक्टरांनी लेकीची सही घेतली. गुडघ्याखाली त्यांचा उजवा पाय काढला.

त्या संध्याकाळी लेक घरी आली आणि सॅक उपसू लागली. नऊ पुड्या तिने एकेक करून टेबलावर मांडल्या. कापलेला ब्रश हातात घेऊन ती थोडा वेळ बसली. मग तिने मध्यावरच्या निवाऱ्याला चिठ्ठी लिहिली, की आमचे पार्सल आले असेल, आम्ही येत नाही. वाटेत ज्यांना शिधा कमी पडेल त्यांना देऊन टाका. कपाटावरची यादी तिने काढली नाही. ज्या ओळीवर तिने काट मारली होती त्या ओळीकडे ती जाता-येता बघे.

सावकाश घरी आल्यावर पंधरा दिवसांनी कारागीर आला. त्याला कोणीतरी बाजारात सांगितले होते. तीन मजले चढायला त्याला फार वेळ लागला; प्रत्येक वळणावर थांबल्याचे ऐकू येत होते. आत येऊन त्याने पाणीही घेतले नाही. "उजवा बूट बघू," म्हणाला.

लेकीने मला त्याच्या मांडीवर ठेवले. त्याने आत हात घातला. बोटे टाचेपर्यंत गेली आणि थांबली. हात बाहेर काढून त्याने बोटाचे टोक धोतराला पुसले. 

"दादा, तुम्ही सांगितलं होतं," सावकाश म्हणाले. "मीच आलो नाही."

"तुम्ही आला नाहीत हे चार दिवसांनी मला कळलं होतं," कारागीर म्हणाला. "मी यायला हवं होतं. रस्ता काही लांब नव्हता."

आई आतून म्हणाली, "आणि मी हसले."

लेक कपाटावरच्या त्या ओळीकडे बघत होती. मला वाटले, मी तर बूट आहे. माझ्यावर कोणीतरी रागवावे. मला उचलून खिडकीतून फेकावे. पण कोणी रागावले नाही. जो तो आपापल्या वाट्याचे घेऊन बसला होता, आणि माझ्यासाठी काही उरले नव्हते.

जाताना कारागिराने पकड काढली. "खिळा काढून देतो."

"राहू द्या," लेक म्हणाली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिले आणि पकड परत पिशवीत ठेवली.

काही महिन्यांनी सावकाशांना नकली पाय मिळाला. त्याचे पाऊल अरुंद आणि ताठ होते, माझ्यात ते बसेना. कारागिराने त्या पायासाठी नवा बूट शिवला. तो त्याने केलेला शेवटचा बूट ठरला. त्यानंतर त्याने दुकान बंद केले. आता माझा डावा भाऊ त्या नव्या बुटाबरोबर रोज गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. एवढ्याला पाऊण तास लागतो. शेजारी अजूनही त्यांना सावकाश म्हणतात, पण आता म्हणताना जरा अडखळतात.

रविवारी ते बुटांना पॉलिश करत. आधी डाव्याला, मग नव्याला, मग सवयीने मलाही. माझी जीभ बाहेर ओढून तिलाही ते कापड फिरवत. आत मात्र त्यांनी कधी पाहिले नाही.

लेक चौथ्या टप्प्याला गेली नाही. दोन सुट्ट्या येऊन गेल्या. सावकाश म्हणतात, "तू जा. तुझे पाय चांगले आहेत." ती म्हणते, "बघते." नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवला आहे. आई त्याच्यावरची धूळ पुसते आणि तिथेच ठेवते.

या वर्षी शाळा सुरू झाली तेव्हा लेकीने मला वडिलांकडून मागून घेतले. त्यांनी दिले, कशाला हवा, असे विचारले नाही. ती मला तुमच्या वर्गात घेऊन आली. नकाशाचा तास संपल्यावर तिने मला टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "एकेकाने या. हळूच हात घाला. टाचेपाशी जपून." तुम्ही रांगेने आलात. तुमची बोटे त्या टोकाला लागली की हात झटकन मागे येई. तुम्हाला लागते, मित्रांनो. ज्याला लागते तो वाचतो.

तुमच्यातल्या एका मुलीने विचारले होते, "मग त्यांनी बूट काढून आत बघितलं का नाही?"

तुमच्या बाईंनी मला टेबलावर सरळ उभे केले. "ते तयारीत होते," त्या म्हणाल्या.

आता माझे एक मागणे ऐका. पायात काही घालण्याआधी ते उलटे करून झटका, आणि आत हात फिरवा. एवढे तर कराच. पण तेवढ्याने माझे समाधान होणार नाही. तुमच्या घरात कोणी असेल, ज्याला वाकून स्वतःचा तळवा बघता येत नाही. आजोबा असतील, मावशी असेल, शेजारचे कोणी असेल. आज घरी गेल्यावर त्यांच्या पायाशी बसा. पाय मांडीवर घ्या आणि उजेडात नीट बघा. टाच, बोटांच्या मधल्या जागा, सगळे. ते पाय ओढून घेतील. म्हणतील, "काही झालं नाही, अजिबात दुखत नाही."

तरी बघा.